बडोद्यात भाड्यानं घर घेताय? आधी पाणी कुठपर्यंत आलं होतं ते विचारा, भाडं नंतर

जळगाव, धुळे, नंदुरबार, नाशिक या बाजूनं बडोद्याला नोकरीला येणारे खूप आहेत आणि ओळखीतून ओळख निघत त्यातले बरेच जण मला फोन करतात. प्रश्न ठरलेला, "दादा, गोत्रीला एक मस्त टू बीएचके दिसतोय, घेऊ का?" मी विचारतो कंपनी कुठेय, तर म्हणतो वाघोडियाला. अरे बाबा, गोत्री शहराच्या या टोकाला आणि वाघोडिया त्या टोकाच्याही पुढे! मीही बाहेरूनच आलोय, इथे दांडिया बाजारात जुन्या वाड्यात राहिलोय, टेनामेंटमधे (म्हणजे छोट्या बैठ्या घरात) राहिलोय, आता फ्लॅटमधे आहे, त्यामुळे फोनवर जे तुकड्यातुकड्यानं सांगतो ते एकदा नीट क्रमानं लिहून टाकतो.

१. आधी कंपनी, मग एरिया

बडोदा पुण्यामुंबईएवढं मोठं नाही, त्यामुळे लोकांना वाटतं कुठेही राहिलं तरी चालतं. अर्धा तास जास्त गेला तर काय, असं वाटतं. पण शहराच्या मधून रेल्वेलाइन जाते, नदी जाते, आणि या दोन्ही ओलांडायच्या जागा मोजक्याच आहेत. स्टेशनजवळचं अलकापुरीचं गरनाळं (म्हणजे रेल्वेखालून जाणारा रस्ता) तर जरा जोराचा पाऊस झाला की भरतं आणि बंद होतं, मग सगळी गर्दी जेतलपूर ब्रिजवर नाहीतर अकोटा-दांडिया बाजारच्या त्या सोलर पॅनलवाल्या ब्रिजवर. गेंडा सर्कल ते मनीषा चोकडी (चोकडी म्हणजे चौक) हा अटल ब्रिज २०२२ च्या डिसेंबरात चालू झाल्यापासून जुन्या पादरा रोडवाल्यांचं जरा बरं झालंय, तेवढंच.

साधारण असं धरा:

- मकरपुरा जीआयडीसी (आपल्या एमआयडीसीसारखी औद्योगिक वसाहत), माणेजा या बाजूला काम असेल तर मांजलपूर, मकरपुरा, तरसाली.
- वाघोडिया जीआयडीसी, पारुल युनिव्हर्सिटी किंवा हायवेवरची एल अँड टी नॉलेज सिटी असेल तर वाघोडिया रोड, आजवा रोड.
- रिफायनरी, जीएसएफसी (खत कारखाना), नंदेसरी असेल तर छाणी, निझामपुरा, गोरवा.
- हालोल, सावली असेल तर हरणी, समा, कारेलीबाग. हायवेला लागायला सोपं जातं, गोल्डन चोकडी जवळ पडते.
- एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकायला किंवा शिकवायला येत असाल तर फत्तेगंज, निझामपुरा, सयाजीगंज. पीजी पण इथेच जास्त.
- बँक, आयटी, ऑफिसवाली नोकरी अलकापुरी किंवा साराभाई कॅम्पसच्या बाजूला असेल तर सुभानपुरा, गोत्री, अकोटा, वासणा. अलकापुरीतच राहायचं तर भाडं चांगलंच लागतं.

कंपनीची बस असेल तर घर बघण्याआधी एचआरकडून बसचा रूट मागून घ्या, कुठल्या चोकडीवर किती वाजता येते ते. हे एवढं एक काम केलं तर अर्धी यादी आपोआप गळते. शिफ्टची ड्युटी असेल तर बस-स्टॉपपासून चालत घरी येता येईल असंच बघा, रात्री दोन वाजता रिक्षा शोधत बसायचं नाही.

आणि एक, दलाल एरियाची नावं ताणतात. "न्यू अलकापुरी" म्हणजे अलकापुरी नाही, ते गोत्रीकडे येतं. "गोत्री" सांगून सेवासीपर्यंत नेतील, "वासणा रोड" सांगून भायलीच्या शेतात उभं करतील. लोकेशन पिन मागा, पत्ता नको. पत्त्यात "फलाण्या हॉलनी पाछळ, फलाण्या मंदिरनी सामे" एवढंच असतं, त्यावरून बाहेरच्या माणसाला ढेकळाचं काही कळत नाही.

२. पाणी कुठपर्यंत आलं होतं?

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल पण हे वाचा.

बडोद्याच्या मधून विश्वामित्री वाहते. एरवी बघाल तर नाल्यासारखी, पुलावरून जाताना लक्षही जात नाही (मगरी आहेत तिच्यात, खऱ्या, आणि पुरात त्या सोसायटीच्या पार्किंगपर्यंत येतात, ही गंमत म्हणून सांगत नाहीये). ही नदी पावागढच्या डोंगरातून येते आणि वर आजव्याचं सरोवर आहे. त्यामुळे तिकडे हालोल-पावागढला धो धो पाऊस पडला की इकडे शहरात पाऊस थांबलेला असला तरी पाणी चढत राहतं. नवीन माणूस इथेच फसतो, त्याला वाटतं आता उघडलं, सुटलो.

काळा घोडा ब्रिजजवळ नदीची पातळी मोजतात, २६ फूट ही धोक्याची पातळी. २०२४ च्या ऑगस्टमधे, जन्माष्टमीच्या आसपास, ती ३५ फुटांच्या वर गेली होती. त्याआधी २०१९ ला ३१ जुलैला एका दिवसात जवळपास २० इंच पाऊस झाला होता, तेव्हाही असंच. म्हणजे पन्नास वर्षांतून एकदा होणारी गोष्ट आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. पावसाळ्यात बडोदेकर दुधाच्या भावाआधी नदीची पातळी बघतो.

२०२४ ला अकोटा, मुजमहुडा, समा, हरणी, फत्तेगंज, सयाजीगंज, परशुराम भठ्ठा, वडसर, कारेलीबागेचा काही भाग अशा बऱ्याच ठिकाणी पाणी शिरलं. आता याचा अर्थ हे एरिया घ्यायचेच नाहीत असा नाही. एकाच एरियात एक सोसायटी कोरडी आणि तिसऱ्या गल्लीतली सोसायटी छातीपर्यंत पाण्यात, असं झालेलं आहे. म्हणून एरियाबद्दल विचारू नका, त्या बिल्डिंगबद्दल विचारा.

दलालाला विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे, "भाई, पाणी तो आखा वडोदरामां भरायुं'तुं," म्हणजे पाणी तर अख्ख्या बडोद्यात भरलं होतं. हे उत्तर आलं की समजायचं, इथे भरलं होतं. मग असं करा:

- खालच्या दुकानवाल्याला, इस्त्रीवाल्याला, वॉचमनला विचारा. "काका, चोवीसमां अहीं केटलुं पाणी आव्युं हतुं?" (काका, चोवीस साली इथे किती पाणी आलं होतं?) एवढं गुजराती पाठ करा. ते हातानं दाखवतात, गुडघा, कंबर, छाती. त्यांना लपवायचं काही कारण नसतं, उलट सांगायला आवडतं.
- तळमजल्याच्या भिंती बघा. खालचे तीन-चार फूट नवा रंग आणि वर जुना, असं असेल तर उत्तर मिळालं. दरवाज्याची खालची कड फुगलेली, किचनच्या प्लायचे खालचे दरवाजे नवे, हेही बघा.
- मीटरचं बोर्ड कुठल्या उंचीवर आहे ते बघा. पुरानंतर बऱ्याच सोसायट्यांनी मीटर वर चढवून घेतलेत. चढवलेले असतील तर पाणी आलं होतं हे कळतं, आणि लोक शहाणे आहेत हेही कळतं.
- पाण्याची मोटर आणि लिफ्टचं पॅनल कुठेय ते विचारा.

हा शेवटचा मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही. सगळ्यांना वाटतं आपण चौथ्या मजल्यावर घेऊ म्हणजे पुराचा प्रश्नच नाही. अहो पण मीटर रूम पाण्यात गेली की पूर्ण बिल्डिंगची लाइट बंद करतात, लाइट नाही म्हणजे मोटर नाही, मोटर नाही म्हणजे वर टाकीत पाणी नाही, लिफ्ट नाही, मोबाइल चार्ज नाही, आणि खाली उतरायला जागा नाही. चौथ्या मजल्यावर सामान वाचतं, माणूस अडकतोच. घरात म्हातारी माणसं किंवा लहान बाळ असेल तर हे आधी विचारात घ्या. आणि गाडी! तुमची बाइक-कार तर खालीच असणार. इथली हॉलो प्लिंथ पार्किंग (बिल्डिंगखालची खांबांमधली मोकळी जागा) किंवा बेसमेंट सगळ्यात आधी भरतं. पातळी चढायला लागली की जाणकार लोक गाड्या नेऊन ब्रिजवर लावतात, तुम्हीही जवळचा ब्रिज कुठला ते बघून ठेवा.

आता पैशाचं गणित. नदीकाठच्या बिल्डिंगमधे भाडं हजार-दीड हजार कमी मिळतं, म्हणजे वर्षाला १२ ते १८ हजार वाचले. एका पुरात फ्रिज, वॉशिंग मशीन, गाद्या आणि बाइकचं इंजिन गेलं की हे वाचलेले पैसे कुठे जातात ते तुम्हीच मोजा. एक मात्र खरं, एकटे आहात, वरच्या मजल्यावर आहात, सामान म्हणजे एक गादी आणि दोन बॅगा, तर असं स्वस्त घर घ्यायला माझी काही हरकत नाही. फॅमिली असेल तर नाही.

जमलं तर घर पावसाळ्यात बघा. जुलै-ऑगस्टमधे एका जोरदार पावसाच्या दुसऱ्या दिवशी चक्कर मारली की जाहिरातीतले सगळे फोटो खोटे की खरे ते कळतं.

पिण्याच्या-वापरायच्या पाण्याचंही विचारा. भायली, सेवासी, बिल, वेमाली, उंडेरा, करोडिया, वडदला ही गावं २०२० मधे महापालिकेत आली, पण महापालिकेत आली म्हणजे प्रत्येक सोसायटीत लगेच महापालिकेचं पाणी आलं असं नसतं. बोअरवेल असेल तर पाणी जड असतं, केस गळतात, गीझर लवकर जातो, नळांवर पांढरं साचतं. नळाची तोटी बघा, पांढरी खपली दिसली की कळतं.

३. हातात किती पैसे हवेत

भाडं परवडतं का हे बघताना लोक फक्त भाडं बघतात. भाडं, मेंटेनन्स आणि येण्याजाण्याचा खर्च मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आत बसायला हवं, त्यापुढे गेलं की महिनाअखेरीला ओढाताण होतेच.

आणि पहिल्या महिन्याला एकदम मोठा फटका बसतो. समजा भाडं १२,००० आहे. डिपॉझिट इथे साधारण एक ते दोन महिन्यांचं मागतात (मुंबई-बंगळुरूसारखं सहा-दहा महिन्यांचं नसतं, हे बडोद्याचं सुख), म्हणजे २४,०००. पहिल्या महिन्याचं भाडं आधी, १२,०००. दलाली बहुतेक एक महिन्याची, कधी १५ दिवसांची, तीही १२,००० धरा. झाले ४८,०००. त्यात टेम्पो, करारनामा, नोटरी, पंखे-ट्यूबलाइट (इथे बरेच मालक पंखेसुद्धा काढून नेतात), गॅसची शेगडी हे धरलं की ५५ ते ६० हजार सहज. एवढे जमलेले नसतील तर पहिले एक-दोन महिने पीजीत काढा, त्यात कमीपणा काही नाही, उलट शहर कळतं.

भाव कधी करायचा? इथली एक गोष्ट लक्षात ठेवा, कमुरता. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणपर्यंत, म्हणजे १४ जानेवारीच्या संक्रांतीपर्यंत, अशुभ मानून गुजराती लोक नवीन घरात जात नाहीत. पितृपक्षातही तेच, इथे त्याला शराद म्हणतात. रिकामा फ्लॅट तेव्हा पडून असतो, मालकाला मेंटेनन्स भरावाच लागतो, तेव्हा तो ऐकतो. तुमचा विश्वास नसेल तर हाच महिना तुमचा. उलट जूनमधे कॉलेज-शाळा सुरू होताना भाव करायला जाऊ नका, आणि दिवाळीत लाभपाचमपर्यंत (दिवाळीनंतरची पंचमी) कोणी फोनही उचलत नाही.

४. शोधायचं कुठे

ऑनलाइन साइट्सवर बघा पण भावाचा अंदाज यावा म्हणून बघा. तिथले अर्धेअधिक फोन शेवटी दलालालाच लागतात आणि फोटोतला फ्लॅट "हमणां ज गयो" (आत्ताच गेला), दुसरा दाखवतो या म्हणतात.

खरं काम पायी होतं. एरिया ठरला की रविवारी सकाळी तिथे जाऊन फिरा. गेटवर "भाडे आपवानुं छे" अशी पाटी असते, गुजरातीत असते, म्हणून गुजराती अक्षरं नाही तरी निदान गुजराती आकडे वाचायला शिका, फोन नंबर त्यातच लिहिलेला असतो कधीकधी. वॉचमन, किराणावाला, दूधवाला यांना सांगून ठेवा. आणि मराठी माणसांना सांगा! दांडिया बाजार, रावपुरा, शियाबाग, नवापुरा, बाबाजीपुरा इकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत, त्यांच्या मुलांनी मांजलपूर-गोत्रीला फ्लॅट घेतलेत आणि जुनं घर किंवा नवा फ्लॅट यातलं एक भाड्यानं द्यायचं असतं. ऑफिसातल्या एखाद्या बडोदेकर जोशी-पवारांना विचारलंत तर त्यांच्या आत्याचं नाहीतर काकांचं कोणाचं तरी घर निघतंच. असं घर मिळालं तर दलाली वाचते आणि मालक माणसासारखा वागतो, फक्त मग भाडं उशिरा द्यायची सोय राहत नाही कारण आत्या फोन करते.

फसवणुकीचे दोन प्रकार फार चालतात. एक, "मी आर्मीत आहे, पोस्टिंग बाहेर आहे, घर न बघता टोकन पाठवा नाहीतर दुसरा घेईल." दोन, "डिपॉझिट परत हवं तर हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका." पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच. घर आतून बघितल्याशिवाय आणि मालकाशी समोरासमोर किंवा व्हिडिओवर बोलल्याशिवाय एक रुपया देऊ नका, गेटपासच्या नावानंही नाही. गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा, उशीर केला की मिळत नाहीत.

५. घर बघायला गेल्यावर

दुपारी जा. मे महिन्यात इथे ४२-४३ डिग्री सहज होतं आणि पश्चिमेकडची भिंत किंवा वरचा शेवटचा मजला असेल तर रात्री अकरालाही भिंत गरम लागते. गच्चीवर पांढरा चायना मोझॅक (टाइल्सचे तुकडे) लावलेला असेल तर जरा बरं. नळ सोडून बघा, फ्लश करून बघा, मोबाइलचा टॉवर येतो का बघा, पाणी किती वाजता येतं ते शेजारच्या बेनना विचारा. रिफायनरी-नंदेसरीच्या बाजूला घेत असाल तर एकदा संध्याकाळीही जा, वाऱ्याची दिशा फिरली की वास येतो.

पार्किंग तुमच्या नावाचं आहे का "जगा होय त्यां मूकी देवानुं" (जागा असेल तिथे लावायचं) आहे ते विचारा. जवळ गरब्याचं मैदान आहे का तेही, नवरात्रीत गाडी स्वतःच्या गेटमधे नेता येत नाही आणि नऊ रात्री झोप विसरा. (मला आवडतं, पण सकाळी सातची शिफ्ट असणाऱ्याला विचारा.) आणि धाबुं, म्हणजे गच्ची, भाडेकरूंना उघडी आहे का हे आत्ताच विचारून घ्या. उत्तरायणला पतंगासाठी गच्ची नाही म्हणजे बडोद्यात राहून उपयोग काय.

६. मुलाखत

हो, मुलाखतच असते. आडनाव, गाव, कुठे काम, किती जण, आणि मग तो प्रश्न, "नॉनवेज तो नथी खाता ने?" खूप सोसायट्यांमधे मांसाहारी भाडेकरू चालत नाहीत. हे बरोबर की चूक हा वेगळा विषय, पण घर शोधताना वाद घालून घर मिळत नाही. खोटं बोलून घेऊ नका, सुरमई तळल्याचा वास तीन मजले जातो आणि मग दुसऱ्याच दिवशी मालकाचा फोन येतो. सरळ सांगा, "आम्ही खातो, चालेल का?" काही जण "घरात बनवायचं नाही, बाहेर खा" म्हणतात, ते तुम्हाला चालतं का ते बघा. खाणाऱ्यांना फत्तेगंज, सयाजीगंज, जुनं शहर या बाजूला किंवा मराठी मालकाकडे घर सोपं मिळतं.

बॅचलर असाल तर अजून चार प्रश्न. कंपनीचं ऑफर लेटर आणि आईवडिलांचा नंबर आधीच पुढे केला की अर्धा संशय जातो. मुली एकत्र राहणार असतील तर गेट बंद होण्याची वेळ लेखी घ्या, तोंडी "कोई प्रॉब्लेम नथी" वर जाऊ नका.

आणि दारूबंदी. गुजरात १९६० पासून, राज्य झाल्यापासूनच, ड्राय आहे. महाराष्ट्रातून सामानाचा टेम्पो येताना पेटीत एखादी बाटली राहिली असेल तर ती तिथेच कोणाला तरी देऊन टाका. बॉर्डरवर चेकिंग होतं, गुन्हा दाखल होतो, आणि नवीन मालकाला पहिली ओळख अशी द्यायची नसते.

७. कागदपत्रं

एका पाकिटात हे तयार ठेवा, दोन-दोन झेरॉक्स:

- आधार आणि पॅन, घरात राहणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांचं
- पासपोर्ट साइज फोटो, सहा तरी
- ऑफर लेटर किंवा कंपनीचं आयकार्ड, शेवटच्या सॅलरी स्लिप
- कायमचा पत्ता दाखवणारं काहीतरी
- बडोद्यातल्या ओळखीच्या एक-दोन जणांची नावं आणि नंबर, पोलिसांच्या फॉर्मला लागतात

आणि मालकाकडून हे मागा, लाजू नका: त्याचं आधार-पॅन, महापालिकेचं वेरा बिल म्हणजे घरपट्टी, आणि ताजं लाइट बिल. तिन्हीवर नाव एकच आहे का बघा. जुन्या शहरात, मांडवी-रावपुऱ्याकडे, कधीकधी तुम्हाला खोली देणारा स्वतःच जुना भाडेकरू असतो आणि मूळ मालक वेगळाच. वेरा बिल मागितलं की हे लगेच उघडं पडतं. "पाघडी" म्हणजे पागडी, हा शब्द आला की नमस्कार करून निघा.

८. करार आणि पोलीस

करार ११ महिन्यांचा करतात, कारण एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा करार रजिस्टर करणं कायद्यानं सक्तीचं आहे आणि तो खर्च कोणाला नको असतो. गुजरातेत कागदी स्टॅम्प पेपर २०१९ च्या ऑक्टोबरपासून बंद झालेत, आता ई-स्टॅम्प. कोणी जुना छापील स्टॅम्प पेपर काढून दाखवला तर घेऊ नका. करार गुजरातीत असेल तर ओळीनओळ वाचून घेतल्याशिवाय सही नाही, इंग्रजीत करून मागितला तर बहुतेक देतात.

करारात ह्या गोष्टी लिहिलेल्या हव्यात, बोललेल्या नाही: डिपॉझिटची रक्कम आणि घर सोडल्यावर किती दिवसांत परत, मेंटेनन्स कोण भरणार, नोटीस एक महिन्याची की दोन, ११ महिन्यांनी किती टक्के वाढ, रंगाचे पैसे कापणार का, आणि मोटर-गीझर बिघडला तर खर्च कोणाचा. मी यात एक ओळ वाढवायला सांगतो: पुरामुळे घर राहण्यालायक राहिलं नाही तर तेवढ्या दिवसांचं भाडं लागणार नाही आणि नोटीस न देता सोडता येईल. काही मालक हसतात, काही चटकन मान्य करतात, विचारायला पैसे पडत नाहीत.

भाडुआतची म्हणजे भाडेकरूची नोंदणी पोलीस स्टेशनला करायची असते, जबाबदारी मालकाची पण गरज तुमचीही. गुजरात पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर ऑनलाइन होते. "करू नंतर" म्हणणाऱ्या मालकाच्या मागे लागा, पोचपावतीचा फोटो स्वतःकडे ठेवा.

९. मालक परदेशात असेल तर

हे बडोद्यात फार होतं. मालक न्यू जर्सीला, किल्ली भावाकडे. घर छान असतं, त्रास नसतो, पण दोन गोष्टी. भावाकडे पॉवर ऑफ अटर्नी आहे का बघा, त्याची कॉपी घ्या. आणि मालक एनआरआय असेल तर भाडं कितीही कमी असलं तरी भाडेकरूनं टीडीएस (भाड्यातून आधीच कापायचा आयकर) कापून भरायचा असतो, हे बहुतेकांना माहीतच नसतं. निवासी मालकाला महिना ५०,००० च्या वर भाडं असेल तरच कापायचा असतो, तो नियम इथे लागत नाही. घर पक्कं करण्याआधी एखाद्या सीएला विचारून घ्या.

पगारात एचआरए (घरभाडे भत्ता) असेल आणि जुनी करपद्धत घेतली असेल तर भाडं बँकेतूनच द्या, पावत्या घ्या. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन कंपनीला द्यावा लागतो. कॅशमधेच भाडं हवं म्हणणारा मालक पॅन देणार नाही हे गृहीत धरा आणि तुमची जेवढी करसवलत बुडेल तेवढं भाडं कमी करून मागा.

१०. किल्ली घेताना

रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा, प्रत्येक भिंत, प्रत्येक नळ, बाथरूमच्या टाइल्स, आणि तो त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. फक्त स्वतःकडे ठेवलेला व्हिडिओ नंतर कोणी मानत नाही.

वीज इथे मध्य गुजरात वीज कंपनीची, एमजीव्हीसीएल. घरगुती बिल दोन महिन्यांचं एकदम येतं. त्यामुळे तुम्ही राहायला आल्यावर पहिलं बिल येईल त्यात आधीच्या भाडेकरूचा एसी चालू असलेला मे महिना असू शकतो. किल्ली घेताना मीटरच्या आकड्याचा फोटो, तोही व्हॉट्सॲपवर. स्मार्ट मीटर असेल तर प्रीपेड आहे का विचारा, २०२४ च्या मे महिन्यात या मीटरवरून बडोद्यात बराच गोंधळ झाला होता, लोक मोर्चे घेऊन गेले होते. पाइपलाइनचा गॅस असेल तर वडोदरा गॅसचं शेवटचं बिल भरलंय का बघा, मीटरचा फोटो इथेही.

सोसायटीच्या सेक्रेटरीला जाऊन भेटा, नुसतं भेटा. काही सोसायट्या भाडेकरूकडून शिफ्टिंगचे, लिफ्टचे वेगळे पैसे घेतात, ते टेम्पो दारात उभा असताना कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

११. सोडताना

नोटीस लेखी द्या, मेसेजवर चालेल. बरेच जण शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापा म्हणतात, दोन महिन्यांचं डिपॉझिट असेल तर मीही हेच सुचवतो, पण करारात तसं चालणार नाही असं लिहिलेलं नाही ना ते आधी बघा, आणि बोलून घ्या, गुपचूप भाडं बंद करू नका. लाइट बिल दोन महिन्यांचं असल्यानं मालक हिशेबासाठी दोन-तीन हजार अडकवून ठेवतो, ते साहजिक आहे. मीटरचा शेवटचा आकडा टिपून त्याच्यासमोर युनिटचा हिशेब करा, मागच्या बिलात प्रति युनिट किती पडले ते बघून रक्कम ठरवा आणि तिथेच मिटवा. बाकीचं डिपॉझिट खात्यात आलं की मगच शेवटची किल्ली हातात द्या. आणि पोलीस पोर्टलवरची नोंद मालकाला बंद करायला सांगा, नाहीतर पुढच्या मालकाच्या फॉर्मला जुनाच पत्ता आडवा येतो.